वाळूतली चर्चेस आणि तुझा प्रश्न

अबू धाबी

प्रिय सुन्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. "तिकडे इस्लाम आल्यावर आधीच्या ख्रिश्चन लोकांचं काय झालं रे, एका रात्रीत संपले का सगळे" असं विचारून तू मोकळा झालास, पण ह्याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगतो. आणि काकूंचा गुडघा कसा आहे ते पहिलं कळव, ऑपरेशनचं काय ठरलं, की अजून फिजिओवरच भागवताय?

तर एका रात्रीत काहीही संपलं नाही. शंभर वर्षांतही नाही. हे मी फॉरवर्ड वाचून सांगत नाहीये, जमिनीतून जे निघालंय त्यावरून सांगतोय. खलिफांच्या राज्यात चर्चेस दुरुस्त होत होती, त्यांच्यात नवीन मोझेकच्या फरश्या बसत होत्या, त्या फरश्यांवर तारखा आणि देणगीदारांची नावं लिहिली जात होती, बिशप नेमले जात होते. त्याच काळात टॅक्सचा बोजा वाढत होता आणि काही ठिकाणी चर्च पाडून मशीदही उभी राहिली. दोन्ही खरंय. मला ह्या विषयाचं इतकं का लागलंय माहितीये, आपल्या शाळेच्या पुस्तकात लढाई संपली की पुढच्या पानावर नवा राजा, मधल्या माणसांचं काय झालं ते कुणी सांगतच नाही, आणि इथं ती मधली माणसं नावानिशी भेटतात.

आधी आमच्या दारातलंच सांगतो. सर बनी यास नावाचं बेट आहे, गाडीनं जेबेल धन्नापर्यंत जायचं आणि तिथून बोट. लोक जातात ते जिराफ, ओरिक्स, चित्ते बघायला, कारण यूएईचे संस्थापक शेख झायेदनी हे बेट प्राण्यांसाठी राखून ठेवलं होतं. त्याच शेख झायेदच्या सांगण्यावरून इथल्या बेटांचा पुरातत्त्वीय सर्व्हे सुरू झाला आणि १९९२ मध्ये ह्या बेटावर जुन्या भिंती सापडल्या. खणत गेले तसे प्लास्टरचे नक्षीदार तुकडे निघायला लागले, त्यावर द्राक्षाच्या वेली आणि चक्क क्रॉस. मग चर्च निघालं, त्याच्या भोवतीच्या खोल्या निघाल्या, म्हणजे अख्खा मठच. आज तिथं उभं राहिलं की दिसायला काही भव्य नाही, बुटक्या भिंती आहेत, दगड आणि समुद्रातलं प्रवाळ रचून वर गिलावा केलेला, पण कुठला भाग चर्चचा आणि कुठल्या खोल्या राहायच्या हे साध्या डोळ्यांना कळतं. हे पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेचे ख्रिश्चन, ज्यांना पुष्कळ लोक नेस्टोरियन म्हणतात, त्यांचा धर्मप्रमुख इराकमध्ये बसायचा.

आता खरी गंमत त्याच्या काळाची आहे. सुरुवातीला मानलं जात होतं की मठ आहे म्हणजे इस्लामच्या आधीचाच असणार. मग रॉबर्ट कार्टर नावाच्या पुरातत्त्वज्ञानं तिथली खापरं आणि गल्फमधल्या दुसऱ्या साईट्सवरची खापरं परत तपासली आणि २००८ मध्ये मांडलं की सर बनी यासचा मठ सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला ते आठव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा आहे. म्हणजे विचार कर, पैगंबर ६३२ मध्ये गेले, त्यानंतर काही दशकांनी, अरबस्तानच्या किनाऱ्यावर, उमय्याद खलिफांच्या (दमास्कसहून राज्य करणारं पहिलं खलिफा घराणं) राज्यात हे पाद्री भिंतींवर क्रॉसची नक्षी करत बसलेत. कुवेतजवळच्या फैलाका बेटावरचं आणि इराणच्या खार्ग बेटावरचं चर्चही त्यानं इस्लामी काळातच टाकलं. आणि सर बनी यास सोडून गेले तेव्हा कुणी जाळपोळ केल्याच्या खुणा तिथं नाहीत. २०२५ मध्ये त्याच बेटावर, मठापासून थोड्या अंतरावरच्या एका अंगणवाल्या घरात प्लास्टरची एक पाटी सापडली, साधारण २७ सेंटीमीटर लांब, त्यावर क्रॉस कोरलेला, खाली पायऱ्या आणि बुंध्यातून पानं फुटलेली. ही घरं बहुतेक एकांतात राहणाऱ्या ज्येष्ठ पाद्र्यांची. मी त्या पाटीचा फोटो फोनमध्ये मोठा करकरून बघितलाय रे, पानांच्या कडा इतक्या निगुतीनं काढल्यात की ज्यानं कोरली त्याला कसलीही घाई नव्हती हे कळतं. पळायच्या तयारीत असलेला माणूस असं काम करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्याच काळातली कागदावरची साक्षही आहे. इशोयाब तिसरा नावाचा त्यांचा धर्मप्रमुख, ६४९ ते ६५९, त्याची पत्रं टिकलीत. एका पत्रात तो फार्सच्या, म्हणजे दक्षिण इराणच्या, आर्चबिशपला झापतो. म्हणतो, देवानं ज्यांना आत्ता राज्य दिलंय ते अरब आपल्या धर्माशी भांडत नाहीत, उलट आपल्या धर्माची स्तुती करतात, पाद्र्यांना मान देतात, चर्चना आणि मठांना मदत करतात, मग तुझ्या ओमानच्या लोकांनी धर्म का सोडला? आणि कारणही तोच सांगतो, धर्म ठेवायचा तर निम्मी मालमत्ता द्यावी लागत होती, ती वाचवायला सोडला. हे वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. तलवार मानेवर नव्हती, पण निम्मी इस्टेट म्हणजे काय कमी गोष्ट आहे का, पोराबाळांच्या माणसाला काय दोष देणार आपण. इराकमध्ये बसून पत्र लिहिणं सोपं होतं.

आणि आता तुझ्यासाठीची गोष्ट, कारण तू कल्याणचा. ह्याच आर्चबिशपच्या हाताखाली भारतातली चर्चेस यायची, आणि इशोयाब त्याला हेही सुनावतो की तुझ्या वागण्यामुळे भारतातल्या लोकांना बिशप मिळायची परंपराच तुटली. त्याच्या शंभर वर्षं आधी, साधारण ५५० च्या सुमाराला, अलेक्झांड्रियाचा कॉस्मास नावाचा व्यापारी लिहून गेलाय की कल्लिआना नावाच्या बंदरात एक बिशप आहे आणि तो पर्शियातून नेमला जातो. बहुतेक इतिहासकार हे कल्लिआना म्हणजे आपलं कल्याणच धरतात. तिथून काय काय बाहेर जायचं तेही त्यानं दिलंय, तांबं, शिसवी लाकूड आणि कापड. म्हणजे तुझ्या खाडीवरून माल भरून निघालेली गलबतं गल्फमध्ये शिरायची, आणि पुढे त्याच वाटेवर फैलाका, खार्ग, सर बनी यास असे मठ उभे राहिले. तू मला "तिकडे काय झालं" विचारतोस तेव्हा मला हेच वाटतं की ते तिकडे इतकं काही लांब नव्हतं.

आणखी एक सांगतो. ६७६ मध्ये गिवर्गिस नावाच्या पुढच्या धर्मप्रमुखानं गल्फमधल्या दारीन बेटावर, आताच्या सौदीत, बिशपांची सभा भरवली. खलिफाच्या राज्यात उघड उघड सभा, आणि नियम पण केले. त्यातला एक नियम असा की ख्रिश्चनांनी आपले तंटे चर्चमध्येच मिटवावेत, बाहेर नेऊ नयेत. म्हणजे लोक नेत होते बाहेर, त्याशिवाय नियम कशाला लागतो. दुसरा, प्रार्थना झाल्या झाल्या यहुद्यांच्या गुत्त्यावर जाऊन दारू पिऊ नये, आपल्या लोकांचे गुत्ते काय कमी आहेत का. भरलेल्या गावांचे प्रश्न आहेत बघ हे, दुकानं चालू आहेत, शेजारीपाजारी आहेत, आणि पाद्र्यांना काळजी आहे ती आपली माणसं फार मिसळतात ह्याची.

आता जॉर्डन. ईदच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो होतो, मुलांना पेट्रा बघायचं होतं आणि मला उम्म अल रसास. मादबापासून आग्नेयेला तीसेक किलोमीटर, ओसाड माळ, जुन्या रोमन छावणीच्या भिंती आणि दगडांचे ढीग. गाईडनं सांगितलं एक तास पुरे, मी म्हटलं बाबा तू चहा पी, आम्हाला वेळ लागेल. तिथं सेंट स्टीफनचं चर्च आहे, मिकेले पिच्चिरिल्लो नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कन पाद्र्यानं १९८६ पासून हे गाव खणलं, आणि आता ते जागतिक वारसा यादीत आहे. वर शेड, आत लाकडी वाट केलीय, तिच्यावरून चालत खाली बघायचं. खाली अख्ख्या फरशीभर मोझेक, नखाएवढे रंगीत दगडाचे चौकोनी तुकडे, आणि दोन्ही कडांना शहरांची चित्रं, प्रत्येकावर ग्रीक अक्षरात नाव. जेरुसलेम, सीझरिया, गाझा, अस्कलॉन एका बाजूला, मादबा, फिलाडेल्फिया म्हणजे आजचं अम्मान, आणि त्यांचं स्वतःचं गाव कास्ट्रॉन मेफा दुसऱ्या बाजूला. आपलं गाव जेरुसलेमच्या बरोबरीनं काढलंय, मला तो अभिमान फार आवडला.

मधली मोठी फरशी ७१८ ची आहे (आधी ती तारीख ७८५ अशी वाचली होती, नंतर दुरुस्त झाली) आणि वेदीपाशीची ७५६ ची. ७५६ म्हणजे बघ, अरबांनी रोमनांना हरवलं ती यारमूकची लढाई ६३६ ला झाली, त्यानंतर १२० वर्षांनी, उमय्याद जाऊन अब्बासी हे दुसरं खलिफा घराणं आलंय, आणि त्याच्याही सात वर्षं आधी ७४९ च्या जानेवारीत मोठा भूकंप होऊन ह्या सगळ्या पट्ट्यातली गावंच्या गावं पडलीत, आणि ह्या गावातले लोक वर्गणी काढून चर्चला नवीन मोझेक घालतायत. बिशपचं नाव जॉब. कारागिराचं नावही लिहिलंय, एस्बस गावचा स्टावराखिओस, झदाचा मुलगा, आणि त्याचा जोडीदार युरेमिओस. मुलाचं नाव ग्रीक, बापाचं अरबी वळणाचं. आणि वर्ष कसं मोजलंय, तर "प्रांताचं ६५० वं वर्ष", म्हणजे रोमनांनी १०६ साली अरेबिया प्रांत केला तिथपासून. रोमन सैन्य जाऊन सव्वाशे वर्षं होत आली, पण गावातली कालगणना तीच. कुणी त्यांना थांबवलं नाही आणि त्यांनाही सोडावीशी वाटली नाही.

आता ह्यातच एक गोष्ट आहे ती बघून पोटात कालवतं. त्या फरशीवर शहरांशिवाय माणसं पण होती, देणगीदार, मासे पकडणारी मुलं, होडीतले लोक, प्राणी. ते सगळे मोडलेत. पण कसे, तर कुदळ मारून नाही. त्या आकृतीतले तुकडे उचकटून काढले आणि त्याच जागेत उलटसुलट परत बसवले. रांगोळीतला चेहरा बोटानं तिथल्या तिथे फिसकटावा तसं दिसतं, माणसाची बाह्यरेषा कळते, आत नुसती खिचडी. इमारतींना, झाडांना, अक्षरांना हात लावलेला नाही. शेजारच्या माईन गावात ७१९-२० चं मोझेक आहे, तिथं बैल होता तो काढून त्याच्या जागी झाड घातलंय, पण बैलाचे खूर आणि शेपटी तशीच राहिलीत. खलिफा दुसरा यजीद ह्यानं ७२१ च्या सुमाराला चित्रांविरुद्ध हुकूम काढला अशी नोंद आहे, त्यामुळे सरळ उत्तर देता येतं की सरकारनं मोडली. पण पुष्कळ अभ्यासक म्हणतात की इतकी काळजी घेऊन, फरशीला भोक न ठेवता, जे चर्च वापरत होते त्यांनीच हे केलं असणार, आणि मला ते पटतं, कारण शत्रू दुरुस्ती करत बसत नाही. का केलं, हुकुमाच्या धाकानं, की मुसलमान शेजाऱ्यांना त्याच जागेत येऊन प्रार्थना करता यावी म्हणून, की त्यांच्यातच चित्रांवरून वाद होता, ह्यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि त्याच काळात तिथून काही तासांवर कुसैर अम्रा आहे, उमय्याद राजपुत्राचं हमामखाना, भिंतींवर नागड्या बायकांची चित्रं, शिकार, नाच. म्हणजे "अरबांना चित्रं चालत नव्हती" हे पण इतकं सरळ नाहीये.

बायको म्हणाली की तिला त्या फिसकटलेल्या माणसांपेक्षा ती शहरं बघून जास्त भरून आलं, कारण त्यातली निम्मी आता बातम्यांत वेगळ्याच कारणानं दिसतात. तिचं बरोबर आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो कारण तू बँकवाला, तुला आवडेल. व्हिएन्नात एक पपायरस आहे, २५ एप्रिल ६४३ चा, हिजरी २२. इजिप्त जिंकून जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालेलं, अब्दुल्ला बिन जाबिर ह्या सेनापतीनं आपल्या सैन्यासाठी हेराक्लिओपोलिसच्या दोन ख्रिश्चन अधिकाऱ्यांकडून ६५ मेंढ्या घेतल्या त्याची पावती, ग्रीक आणि अरबी दोन्ही भाषांत. आक्रमण करणारं सैन्य मेंढ्यांची पावती देतंय आणि ती पावती लिहून ठेवणारा जॉन नावाचा ख्रिश्चन डीकन आहे! तसंच आताच्या इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटात नेस्साना म्हणून गाव आहे, तिथल्या चर्चच्या खोल्यांत १९३० च्या दशकात कागदांचे गठ्ठे मिळाले. त्यात गाझाच्या अरब कारभाऱ्याची मागणीपत्रं, इतके गहू द्या, इतकं तेल द्या. त्यातच ६८३ आणि ६८४ ची दोन पत्रं आहेत. एकात गव्हर्नर लिहितो, माझी बायको उबय्या तुमच्याकडे येईल तेव्हा तिला सिनाईच्या डोंगराची वाट दाखवायला एक माणूस द्या. दुसऱ्यात असाच एका पाहुण्यासाठी वाटाड्या मागितलाय, आणि म्हटलंय की त्या वाटाड्याची मजुरी पण द्या. मुसलमान गव्हर्नरची बायको मोझेसच्या डोंगरावर निघालीय आणि रस्ता दाखवणार ख्रिश्चन गावकरी. पण त्याच गठ्ठ्यात एक असंही पत्र आहे की टॅक्स झेपत नाही, सगळ्या गावांनी मिळून गाझाला जाऊ आणि कमी करा म्हणून सांगू. हे पण विसरायचं नाही.

आणि हम्मत गादेरचा शिलालेख! गॅलिली सरोवराच्या आग्नेयेला गरम पाण्याचे झरे आहेत, ६६२ मध्ये तिथलं स्नानगृह दुरुस्त केलं आणि संगमरवरावर ग्रीकमध्ये पाटी लावली. खलिफा मुआवियाचं नाव, "अमीर अल मुमिनीन" हे अरबी शब्द ग्रीक अक्षरांत, साल तीन तऱ्हेनं, रोमन टॅक्सच्या चक्राचं, गदारा शहराचं ७२६ आणि "अरबांचं ४२ वं". काम कशासाठी तर रुग्णांना बरं वाटावं म्हणून. देखरेख जॉन नावाच्या गदाराच्या अधिकाऱ्याची. आणि खलिफाच्या नावाच्या त्या पाटीची सुरुवात क्रॉसनं होते.

दुसरी बाजू दाखवली नाही तर तू मला बोलशील. दमास्कसला सेंट जॉनचं मोठं चर्च होतं, पहिल्या वलीदनं ७०६ मध्ये ते ताब्यात घेऊन पाडलं आणि उमय्याद मशीद बांधली. तिच्या दक्षिणेच्या बंद झालेल्या दारावर अजून ग्रीक ओळ आहे की हे ख्रिस्ता, तुझं राज्य सर्वकाळचं आहे. इजिप्तमध्ये थीब्सजवळच्या जेमे गावातून आठव्या शतकातल्या जिझियाच्या पावत्या खापरांवर लिहिलेल्या निघाल्यात, ढिगानं, आणि पुढे मठातल्या संन्याशांनाही तो कर बसला. माणूस एकदम धर्म सोडत नाही, पण दरवर्षी ती पावती, मुलाला नोकरी हवी तर अरबी आली पाहिजे, मग घरात अरबी, मग प्रार्थनाही अरबीत, ७६२ ला राजधानी बगदादला गेली तसा जॉर्डनकडचा पैसा आटला, भूकंपात पडलेलं चर्च परत बांधायला माणसं उरली नाहीत. असं पिढ्यानपिढ्या झिजत गेलं. कुणी मला म्हणालं की सगळे गुण्यागोविंदानं राहत होते तर मी ही खापरं दाखवीन, आणि कुणी म्हणालं की सगळ्यांना कापून काढलं तर स्टावराखिओसची फरशी दाखवीन.

मादबात आज जे ख्रिश्चन आहेत, ते मात्र थेट त्याच गावात टिकलेले नाहीत बरं का. गाव मधे ओसाड पडलं होतं, १८८० च्या सुमाराला जॉर्डनमधल्याच करक गावाहून ख्रिश्चन घराणी येऊन वसली आणि त्यांनी नवीन चर्च बांधायला घेतलं तेव्हा जेरुसलेम आणि आसपासच्या प्रदेशाचा तो प्रसिद्ध मोझेक नकाशा जमिनीत मिळाला. करकमध्ये मात्र ते होतेच, सगळी शतकं. आम्ही जिथं जेवलो ती खानावळ अशाच एका घराची, भिंतीवर मेरीचा फोटो, टीव्हीवर अरबी गाणी, आजी आम्हाला आग्रह करकरून भात वाढत होती.

सुन्या, मी डिसेंबरमध्ये येतोय. कॉस्मासबद्दल आणि कल्याणच्या जुन्या बंदराबद्दल तिथल्या वाचनालयात काय काय मिळतं ते तोवर बघून ठेव, जुनी ठाणे गॅझेटियर्स तर नक्की चाळ. आणि तू फेब्रुवारीत आलास तर सर बनी यास बघू, तेव्हा हवा चांगली असते, जुलैत आलास तर भाजून निघशील. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पिंट्याला सांग अभ्यास कर. ह्याला व्हॉइस नोटनं उत्तर दिलंस तर ऐकणार नाही, लिहून पाठव.

तुझा,
अव्या